स्टेपनीची ओळख

इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना सिमरोलपुढे भेरूघाट लागतो. तिथे चाक बसले, तर पंक्चरवाला हाकेच्या अंतरावर नसतो. १८व्या वर्षी गाडीचा परवाना मिळतो. पण गाडी हाती घेणारा आतल्या माणसांचीही जबाबदारी घेतो. म्हणून चाक बदलणे एकदा हाताने करून पाहावे. मुलांनी, आणि मुलींनीही.

गाडी सपाट जागी, रहदारीपासून दूर घ्यावी. हँडब्रेक ओढावा. बसलेल्या चाकाच्या तिरकस समोरच्या चाकाला दगड लावावा. नट आधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करावेत. गाडी उचलून जोर लावला, तर ती जॅकवरून घसरू शकते. हे नुसते वाचून कळत नाही. एकदा हाताने करून पाहावे. मग गाडी जॅकवर उचलून, नट काढून पंक्चर झालेले चाक उतरवावे. स्टेपनी, म्हणजे जादा चाक, बसली, की नट समोरासमोरचे आवळावेत. गाडी खाली आल्यावर पुन्हा घट्ट करावेत.