किती धुतलं म्हणजे फार?

२०२० साली फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग हात धुवायची सूचना. अख्खं गावच हात धूत होतं. त्यात आजारी कुणाला म्हणायचं?

मंत्रचळ मोजायला डॉक्टरांकडे येल-ब्राऊन नावाची मोजपट्टी असते. दहा प्रश्न, चाळीस गुण. भीती खरी की खोटी, याला त्यात गुण नाहीत. दिवसाचे किती तास गेले, जीव किती कासावीस झाला, थांबता येतं का, असं ती विचारते. मला यात माणुसकी दिसते.

आमची काकू मुळातच सोवळ्याची. करोनात तर तिची भीती सरकारमान्य झाली! हातांची सालटी निघाली, तरी मोरीतून उठेना. तान्हा नातू रडून झोपी जायचा. आणि गावात तिच्या स्वच्छतेचं कौतुक चाललेलं.