कर्जखते बुडवण्याचा अधिकार

आयुर्विमा कंपनी हप्ता आज घेते आणि देणे पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कधीतरी फेडायचे कबूल करते. त्यामुळे तिजोरी भरलेली असतानाही ती आतून बुडालेली असू शकते. दुकानदाराचे दिवाळे दुसऱ्या दिवशी पेठेत कळते; विमा कंपनीचे अनेक वर्षे झाकून राहते, कारण नवे हप्ते येत राहतात आणि जुने दावे त्यातून भागतात. ते वेळेवर दिसावे म्हणून नेमलेला माणूस म्हणजे ॲक्च्युअरी. कोणत्या वयाचे किती विमेदार दगावतील, गुंतवणुकीवर व्याज किती सुटेल, किती जण मध्येच पॉलिसी सोडतील, याचा अंदाज बांधून तो पुढच्या देण्यांचे आजचे मोल काढतो आणि तेवढी गंगाजळी बाजूला आहे की नाही ते सांगतो.

काम गणिताचे असले तरी त्याच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे. जो आज दारात उभा नाही त्याचे देणे किती खरे मानायचे? आणि ते खरे मानले, तर दारात उभ्या असलेल्याशी उदार होण्याचा अधिकार कितपत उरतो?

मरणाची घटका कोणाला ठाऊक नसते, हे ॲक्च्युअरीही नाकारत नाही. एका माणसाबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही. दहा हजारांबद्दल बरेच सांगता येते. या भेदाचा नेमका उपयोग आरंभी ज्यांनी केला त्यांत धर्मोपदेशकच होते. स्कॉटलंडमधले अलेक्झांडर वेबस्टर आणि रॉबर्ट वॉलेस यांनी १७४० च्या दशकात पाद्र्यांच्या विधवांसाठी निधी उभारताना दरसाल किती पाद्री वारतात आणि किती विधवा मागे राहतात हे मोजून घेतले. त्यांची देवावर श्रद्धा होती, पण विधवांचे वेतन त्यांनी श्रद्धेवर सोडले नाही. एलआयसीचे बोधवाक्य आणि मुंबईतल्या तिच्या मुख्यालयाचे ‘योगक्षेम’ हे नाव गीतेच्या नवव्या अध्यायातून आले आहे. तिथे भक्ताचा योगक्षेम चालवण्याचे वचन भगवंत देतो. भगवंताला गंगाजळी लागत नाही, महामंडळाला लागते.

श्रद्धेपोटी देणे सोडून देण्याचा अधिकार कितपत, या प्रश्नावर संत तुकारामांचे चरित्र विशेष बोलके ठरते; पिंपरीच्या संत तुकाराम नगर या कामगारवस्तीला त्यांचेच नाव आहे. तुकोबा वाण्याच्या घरातले. सावकारीही घरात होती. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात दुकान बसले, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे विरक्तीच्या टप्प्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. या कथेतला एक तपशील कीर्तनातही अनेकदा घाईने मागे पडतो. खते बुडवण्याआधी त्यांच्या वाटण्या झाल्या होत्या. धाकटा भाऊ कान्होबा याचा वाटा त्याला दिला गेला आणि नदीत गेला तो फक्त तुकोबांचा वाटा. वैराग्य स्वतःच्या हक्कापुरते, भावाच्या हक्काला हात नाही. ॲक्च्युअरीच्या हाती स्वतःचा असा वाटाच नसतो. सगळी खते कान्होबाची, म्हणून त्याला एकही बुडवता येत नाही.

संत तुकाराम नगर आणि भोवतालच्या कारखान्यांत असे पुढचे देणे पगारपत्रकावर दिसते. ईएसआयसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या योजनेसाठी, जुलै २०१९ पासून कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. त्या महामंडळाच्या देण्यांचेही ठरावीक मुदतीने मूल्यांकन होते. ग्रॅच्युइटीचा १९७२ च्या कायद्याने रूढ केलेला हिशेब वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराचा, महिना सव्वीस दिवसांचा धरून. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये घेणारा कामगार ३० वर्षांनी निवृत्त झाला तर ४,५०,००० रुपये. ही रक्कम निवृत्तीच्या दिवशी अचानक उभी राहत नाही. दर वर्षीच्या कामाबरोबर ते देणे थोडे थोडे साठत जाते. कंपनीच्या ताळेबंदात ती किती दाखवायची हे ॲक्च्युअरी ठरवतो, आणि पाच वर्षांच्या आत किती जण नोकरी सोडतील हा त्यातला कळीचा अंदाज असतो.

हिंदुस्थानात १९१२ च्या कायद्याने हप्त्यांचे तक्ते आणि नियतकालिक मूल्यांकन ॲक्च्युअरीने प्रमाणित करणे बंधनकारक झाले. पण प्रमाणपत्र देणाऱ्याचे पैशावर नियंत्रण नव्हते. १९५६ च्या जानेवारीत राष्ट्रीयीकरणाची कारणे देताना अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी सांगितले, की आधीच्या दशकात २५ आयुर्विमा कंपन्या अवसायनात गेल्या आणि आणखी २५ कंपन्यांनी निधी इतका उधळला की त्यांचा व्यवसाय विमेदारांना तोशीस लावून दुसरीकडे सोपवावा लागला. खासगी कंपन्या परतल्यावर २००० च्या नियमांनी ‘नियुक्त ॲक्च्युअरी’ हे पद आणले. त्याच्या नेमणुकीला नियामकाची मंजुरी लागते, आवश्यक रकमेच्या किमान दीडपट भांडवल आहे की नाही यावर त्याला लक्ष ठेवावे लागते आणि कंपनी नियम मोडत असेल तर नियामकाला कळवावे लागते. पगार कंपनीचा, निष्ठा विमेदाराची. ही ओढाताण कायद्याने मिटत नाही. फार तर उघड होते. २००६ च्या ॲक्च्युअरी कायद्याने व्यवसायाला शिस्तभंगाची वैधानिक चौकट दिली.

वचनच चुकीचे दिले गेले तर काय, हा याहून अवघड प्रश्न. लंडनच्या १७६२ सालच्या इक्विटेबल सोसायटीने काही विमेदारांना निवृत्तिवेतनाचा ठरावीक दर हमीने दिला होता. १९९० च्या दशकात व्याजदर घसरले आणि ती हमी महाग पडू लागली. तेव्हा सर्वांना सारखे वागवायचे म्हणून हमीवाल्यांचा बोनस कमी करण्यात आला. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते अवैध ठरवले. डिसेंबरात संस्थेने नवे विमे घेणे थांबवले. लॉर्डांचा निकाल वचनाच्या बाजूने योग्यच होता, पण त्याची किंमत हमी नसलेल्या सभासदांनी मोजली. दोष निकालाआधीच्या वर्षांचा: हमी फुकट धरली गेली आणि तिच्यासाठी पुरेसा पैसा बाजूला ठेवला नाही.

उलट टोकही तितकेच अन्याय्य आहे. भीतीपोटी गरजेपेक्षा मोठा राखीव निधी धरून ठेवला तर आज सत्तरीत असलेल्या विमेदाराचा बोनस त्याच्या हयातीत त्याला मिळत नाही आणि तो पैसा पुढच्या पिढीच्या पदरात पडतो. दोन पिढ्यांतली ही वाटणी कोणत्याही सूत्रातून आपोआप निघत नाही. म्हणून नफ्यात सहभागी असलेल्या पॉलिसींचा बोनस ॲक्च्युअरीच्या वार्षिक मूल्यांकनानंतरच जाहीर होतो, आणि त्या मूल्यांकनाचा अहवाल ३१ मार्चच्या तारखेला गृहीतके तपासून पुन्हा मांडला जातो.