घर सुधारलं, पोराचं काय?

मामा सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातले, तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. भाची वाळवा तालुक्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका. बालकांची गरिबी सरकारनं कशी मोजावी, यावर दोघांची जुंपली होती.

भाची : मामा, नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात महाराष्ट्राची गरिबी २०१५-१६ मध्ये १४.८० टक्के होती, २०१९-२१ मध्ये ७.८१ वर आली. ज्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांवर हा हिशेब बेतलाय, त्यांतच पाच वर्षांखालची खुरटलेली पोरं ३४.४ टक्क्यांवरून ३५.२ वर गेलेली दिसतात. हे कसं काय?

मामा : दोन्ही खरं असू शकतं. गरिबी घराची मोजली, उंची पोराची.

भाची : भांडण तिथंच आहे. निर्देशांकाचे निकष बारा. पोषणाचं वजन त्यात एक षष्ठांश, आणि घर गरीब ठरायला उणिवांच्या वजनांची बेरीज एक तृतीयांश भरावी लागते. म्हणजे गॅस आला, संडास झाला, बँकेत खातं निघालं आणि पोरगं मात्र खुरटलेलंच राहिलं, तर ते घर गरिबीतून सुटलं. बँकेतल्या खात्यानं पोराची उंची भरून निघते का?

मामा : खात्यानं नाही, पण संडास नि चांगलं पाणी पोराच्याच तब्येतीचं आहे. आता उलट बाजू बघ. कृष्णाकाठी बारमाही बागायत आहे, दारात ट्रॅक्टर उभा आहे आणि पोरगं वयाच्या मानानं बुटकं आहे. त्याला गरीब म्हणशील?

भाची : कुपोषित म्हणेन. गरीब नाही म्हणणार.

मामा : मग उंचीवरून गरिबी कळत नाही, हे तूच कबूल केलंस. यादीत त्याला ऊसतोड्याच्या पोराशेजारी बसवलंस, की मदत आधी ट्रॅक्टरवाल्याकडं जाईल. कागद त्याच्याकडं तयार असतात.

भाची : एकट्या उंचीवरून नाही कळत, मान्य. पण उत्पन्नावरून तरी कळतं का? दाखले तुमच्याच टेबलावरून जायचे.

मामा थोडा वेळ गप्प राहिले.

मामा : नाही कळत. ऊसतोडीतल्या एका कोयत्याचं, म्हणजे नवराबायकोच्या जोडीचं, उत्पन्न काय लिहायचं? मुकादमाकडून घेतलेली उचल कमाई धरायची की कर्ज? हंगामात फिटली नाही, तर पुढचा हंगाम आधीच गहाण पडतो. दाखल्यावर मात्र आकडा येतो. तरी सांगतो, एक आकडा हवाच. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथांनी १९७१ साली माणशी रोज २,२५० कॅलरींची रेषा धरली, म्हणून गरिबीवर वाद घालता आला. २०११ साली नियोजन आयोगानं सुप्रीम कोर्टात शहरासाठी माणशी दिवसाला ३२ रुपयांची रेषा सांगितली, तेव्हा देश खवळला. बारा निकषांच्या बेरजेवर कोण खवळणार?

भाची : आकडा एकच असू दे, पण तो पोरांचा असू दे. दरडोई हिशेबात घरातला घास सगळ्यांना सारखा मिळतो असं धरलेलं असतं. ऊसतोड्याच्या घरात आई पहाटे फडावर जाते, तान्हं कोपीत, म्हणजे झोपडीत, थोरल्या बहिणीजवळ राहतं. ती बहीण स्वतः आठ-नऊ वर्षांची. गाळप हंगामात घराच्या हातात काही पैसा खेळतो आणि नेमक्या त्याच महिन्यांत थोरलीची शाळा तुटते, धाकट्याची लस नि अंगणवाडी चुकते. घराचा आकडा चढत असतो तेव्हा पोराचा उतरत असतो.

मामा : आणि ते पोर लिहायचं कुठं? नाव जतच्या यादीत, पोर वाळव्याच्या फडात. ऊस संपला की कोपी मोडली. वजन उतरलं, तर ठपका कुठल्या तालुक्यावर ठेवायचा?

भाची : आज कुठल्याच नाही.

मामांची शंका खोटी नाही. माप ढिलं झालं की गरजू पोर रांगेत मागं जातं. तरीही मला भाचीचं म्हणणं पटतं, आणि त्याचं कारण वेळ हे आहे. मोठ्या माणसाचा वाईट हंगाम पुढच्या हंगामात थोडाफार भरून निघतो. पहिल्या दोन वर्षांत पोराची जी वाढ राहिली, ती पुढं पैसा आला तरी बरीचशी राहूनच जाते. म्हणून पोराचं नुकसान घराच्या सोयींशी वजावट करून मोजणं मला अन्यायाचं वाटतं. घराची गरिबी जरूर मोजावी, मदत कुणाला आधी हे त्यावरून ठरवावं. तिच्या शेजारी पोरांचा आकडा वेगळा छापावा : पोषण, लस, शाळा, सांभाळायला मोठं माणूस. यांतलं एक जरी तुटलं तरी ते पोर मोजलं जावं, दुसऱ्या कशानंही ते झाकलं जाऊ नये. आणि हंगामात पोर जिथं झोपतं, तिथं त्याची नोंद व्हावी.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि माणसांची मोजणी त्याआधी फेब्रुवारीत व्हायची आहे. त्या वेळी सातारा-सांगलीत गाळप चालू असतं. दोन्ही जिल्हा प्रशासनांनी कारखान्यांकडून ऊसतोड टोळ्यांच्या मुक्कामांच्या याद्या आत्ताच मागवाव्यात आणि प्रगणकांना प्रत्येक कोपीपर्यंत पाठवावं.