कडक गुरुजी आणि छडी

शाळेच्या आठवणी निघाल्या की कडक गुरुजींचं नाव आदरानं घेतलं जातं आणि श्रेय मात्र छडीला मिळतं. ते खरंच तिचं असतं का? अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या स्वतः आवरत. त्या कृतीतूनच मुलांना वळण लागे. कुणी म्हणेल, सगळेच साने गुरुजी नसतात, धाक हवाच. हवा, पण तो चुकलेलं गणित पुन्हा सोडवून घेण्याचा, स्वतः वेळेवर वर्गात येण्याचा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं मनाई केली ती शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, शिस्तीला नव्हे. मार विसरला जात नाही, पण शिकवतो तो शिक्षकाचा जिव्हाळा. म्हणून कृतज्ञता गुरुजींच्या कष्टांबद्दल बाळगूया, हातावरच्या वळांबद्दल नको.