वाळूची धार

सुप्याहून निघोजला गेलात, तर कुकडीच्या काठी थांबून रांजणखळगे नक्की पाहा. काळ्या बेसाल्टमधले हे खोल, गुळगुळीत खड्डे पुरात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी आणि वाळूने कोरले. प्राचीन इजिप्तचे कारागीर हेच हातांनी करत. ग्रॅनाइटला भोक पाडायची त्यांची तांब्याची नळी दगडापुढे मऊच. पण तिच्याखाली वाळू टाकून ती फिरवली, की क्वार्ट्झचे कण दगड झिजवतात. डेनिस स्टॉक्स या ब्रिटिश संशोधकाने अस्वानला हे करून पाहिलं. दगडाबरोबर तांबं किती झिजतं, याचीही काटेकोर नोंद ठेवली. ती नोंद मला फार मोलाची वाटते. जात्याला टाकी लावणाऱ्या आपल्या पाथरवटांचं कसबही असंच, त्यांच्या शेजारी बसून, आत्ताच लिहून घ्यायला हवं.