डोळस होण्याचे वय

वांकिडीहून आसिफाबादकडे जाणारी बस आली की आमच्या घराण्यांतील जुनी माणसे शेजारी उभ्या असलेल्याला विचारीत, “ही कुठली हो?” त्यांची नजर अधू नव्हती. शेताच्या दुसऱ्या टोकाला उभे असलेले जनावर कोणाचे, हे ती बांधावरून सांगत. पण बसच्या कपाळावरची तेलुगू अक्षरे त्यांच्या लेखी नुसती गोलाकार नक्षी होती. निजामी अमदानीत त्यांची शाळा झाली ती उर्दूत, घरी मोडी आणि बाळबोध. तेलुगूशी रोजची गाठ पडली ती १९५६ नंतर. पुढे आम्ही नोकरीच्या गरजेने ती लिपी शिकलो आणि एक गोष्ट अनुभवास आली. एकदा अक्षरओळख झाल्यावर ती नक्षी पुन्हा नक्षी म्हणून पाहता येईना. पाटीकडे नजर जाण्याचा अवकाश, गावाचे नाव आपोआप वाचले जाई. पाटी तीच, डोळेही तेच. बदलले होते ते डोळ्यांमागचे काहीतरी.

मराठीने या अनुभवासाठी दोन क्रियापदे राखून ठेवली आहेत. ‘मला दिसते’ या वाक्यात आपण केवळ स्वीकारणारे असतो. ‘मी पाहतो’ म्हणताना कर्तेपण आपल्याकडे येते. व्यवहारात मात्र आपण पहिल्याचा आडोसा सोयीने घेतो. चूक पदरात पडली की ‘मी पाहिले नाही’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘मला दिसलेच नाही’ असे म्हणतो. न दिसणे हा दोष नव्हे, हे आपण गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार येथे करावयाचा आहे. आणि तो करताना आमचे स्वतःचे एक जुने देणेही मांडावयाचे आहे.

डोळा म्हणजे कॅमेरा, असे आम्हाला शाळेत शिकवीत. ते अर्धेच खरे. डोळ्याच्या पडद्यावर बारा कोटींहून अधिक प्रकाशग्राही पेशी आहेत. परंतु तेथून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू सुमारे दहा लाखच. म्हणजे डोळा जे पाठवितो ते मुळातच संक्षिप्त असते. हा संक्षेप मेंदूच्या मागील भागात पोहोचतो. तेथे कडा, रंग, गती यांची वेगवेगळी छाननी होते आणि पूर्वानुभवाच्या आधारे ‘हे झाड, ही गाय, हा ओळखीचा चेहरा’ असा निवाडा होतो. मज्जातंतूंचे जुडगे डोळ्यातून ज्या ठिकाणी बाहेर पडते, तेथे प्रकाशग्राही पेशी मुळीच नसतात. तरीही जगात भोक पडलेले कोणालाच दिसत नाही, कारण मेंदू ते परभारे बुजवितो. आपण जग पाहतो म्हणजे मेंदूने दिलेला निकाल वाचतो, असे म्हटल्यास फारसे चूक होणार नाही.

हा विचार आपल्याकडे अपरिचित नाही. न्यायशास्त्राने प्रत्यक्षाचे दोन प्रकार मानले: ‘काहीतरी आहे’ एवढेच भान देणारे निर्विकल्पक, आणि नाव, जाती, गुण यांसह होणारे सविकल्पक. इंद्रियाचा विषयाशी संबंध आला तरी मनाची जोड नसेल तर ज्ञान होत नाही, असेही नैयायिक सांगतात. पश्चिमेकडे हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. डब्लिनच्या विल्यम मोलिनो यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना लिहून विचारले, की जन्मांध माणसाला घन आणि गोल हे हातांनी चाचपून ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर स्पर्श न करता, केवळ पाहून, घन कोणता आणि गोल कोणता हे तो सांगू शकेल काय? लॉक यांनी हा प्रश्न आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत छापला आणि ‘नाही’ या उत्तराला संमती दिली. पुढे तीन शतके तत्त्वज्ञांनी त्यावर वाद घातला.

त्याचे प्रयोगसिद्ध उत्तर मिळाले ते आपल्या देशातील गरिबांच्या मुलांकडून. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘प्रकाश’ नावाचा प्रकल्प सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदू असूनही वेळेवर उपचार न मिळालेल्या उत्तर भारतातील मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करावयाची आणि त्यांची दृष्टी कशी घडत जाते याचा अभ्यास करावयाचा, असे त्याचे स्वरूप. ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांवरील निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पट्टी निघाल्यावर दोन दिवसांच्या आत मुलांच्या हाती एक वस्तू देण्यात आली आणि समोरच्या दोन वस्तूंपैकी तीच कोणती, हे पाहून सांगण्यास सांगितले. त्यांची उत्तरे जवळजवळ छापा-काट्यासारखी होती. डोळ्यांनी पाहून डोळ्यांनीच ओळखावयाचे असता हीच मुले क्वचित चुकत. म्हणजे दृष्टी आली होती. तिचा हाताच्या ज्ञानाशी परिचय व्हावयाचा होता. लॉक यांचे ‘नाही’ बरोबर ठरले. पण ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांचे उत्तर काही दिवसांतच कितीतरी सुधारले होते.

या मुलांना प्रारंभी स्थिर चित्रात वस्तू सापडत नसत. रंगाचा प्रत्येक तुकडा त्यांना वेगळी वस्तू वाटे. वस्तू हलली की मात्र तिचे तुकडे एकत्र हलत आणि ‘हे सगळे एकच आहे’ असे ध्यानात येई. मेंदू पाहावयास शिकतो तो बहुधा असा, हालचालीचे बोट धरून.

या निष्कर्षांमागे एक नैतिक प्रश्नही होता. १९६० च्या दशकात ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही काळ शिवून ठेवला. तो उघडल्यावर डोळा निकोप होता, पण मेंदू त्याची दखल घेईना. मोठ्या मांजरावर असा परिणाम झाला नाही. दृष्टीच्या जडणघडणीला बालपणीचा एक निर्णायक काळ असतो, हे त्यातून कळले. १९८१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोध खरा होता आणि आजही खरा आहे. जन्मजात मोतीबिंदू पहिल्या काही आठवड्यांत वा महिन्यांत काढला तर लाभ सर्वाधिक, हे त्यावरूनच उमगले. परंतु व्यवहारात त्याचा दुसराच अर्थ रूढ झाला: मूल आठ-दहा वर्षांचे झाले, आता काय उपयोग? ‘प्रकाश’ने या ‘काय उपयोग’ला उत्तर दिले. बाराव्या वर्षी शस्त्रक्रिया झालेली एक स्त्री वीस वर्षांनी तपासली असता चेहरे, वस्तू, अंतरे यांचा व्यवहार पुष्कळसा नीट करू शकत होती. बारीक तपशील दिसण्याची तीक्ष्णता तिला आली नव्हती. ती बहुधा येतही नाही. पण तिला जग दिसत होते.

मग डोळ्यांना शिकविता येते काय? येते, परंतु बाजारात सांगतात तसे नव्हे. विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये व्यायामाने चष्मा घालविण्याची पद्धत मांडली आणि तिच्या नाना आवृत्त्या अजून खपतात. जवळचे अथवा लांबचे अंधुक दिसणे हा नेत्रगोलाच्या आकाराचा आणि भिंगाचा प्रश्न आहे. डोळे गरगर फिरविल्याने तो आकार बदलत नाही. शिकविता येते ते मेंदूला. ‘आळशी डोळा’ असलेल्या मुलास योग्य चष्मा देऊन चांगला डोळा रोज काही तास पट्टीने झाकतात, तेव्हा दुर्लक्षित डोळ्याकडून येणारा निरोप मेंदूला ऐकावाच लागतो. सातव्या वर्षाआधी याचा गुण अधिक येतो. पण २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ७ ते १२ वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांनाही उपचाराचा लाभ झाल्याचे आढळले. शिक्षणाचे दार एका दिवशी धाडकन बंद होत नाही. ते हळूहळू लोटले जाते.

आता आमचे देणे. १९९७-९८ च्या सुमारास आम्ही आदिलाबाद जिल्ह्यातील एका मंडळात महसूल खात्यात होतो. एक कोलाम गृहस्थ नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मुलीच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या दुधाळ पांढऱ्या होत्या. अर्ज अपंगांच्या निवृत्तिवेतनाचा होता. आम्ही वय, रहिवास, वैद्यकीय दाखला तपासला. सर्व कागद बरोबर होते. तो मराठीतच म्हणाला, “साहेब, पोरीला उजेड कळतो बरं.” दाखल्यावर ‘जन्मांध’ असे लिहिले होते. खरे बोलून आपलाच अर्ज धोक्यात घालतो आहे हा भोळा माणूस, असे आमच्या मनात आले आणि आम्ही त्याला गप्प राहण्याची खूण केली. त्याच दिवशी सही केली. त्याला दुसरी खेप घालावी लागली नाही, याचे समाधान आम्ही पुढे कित्येक वर्षे बाळगले.

उजेड कळतो, याचा अर्थ पडदा जिवंत असू शकतो, हे आम्हाला फार उशिरा वाचनातून कळले. त्याच जिल्ह्यात मुधोळ येथे हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने १९९६ मध्ये आपले पहिले ग्रामीण केंद्र उघडले होते. भोसले गोपाळराव पटेल या आपल्याच वळणाच्या नावाने ते ओळखले जाते. तेथून हैदराबादची वाट मोकळी होती. मुलीला निवृत्तिवेतन मिळाले. वाट कोणी दाखविली नाही.

आम्ही वैद्य नव्हतो, दाखला दुसऱ्याने दिला होता, हा बचाव कायद्यात टिकेल. पण आमचा डोळा कशात तरबेज झाला होता, हे आम्ही जाणतो. कागदावरील खाडाखोड, तारखेतील फरक, शिक्क्याची बनावट आम्हाला क्षणात दिसे. कापूस उत्पादक ज्याप्रमाणे हजार फुलांत बोंडअळीची डोमकळी नेमकी हेरतो, त्याप्रमाणे. सराव डोळ्याला काय पाहावे हे शिकवितो आणि त्याच वेळी काय गाळावे हेही शिकवितो. गाळल्यावाचून कौशल्य येत नाही. पंचवीस वर्षांच्या सरावाने आम्ही कागद पाहावयास आणि माणूस गाळावयास शिकलो होतो. ती मुलगी आमच्या समोर उभी होती, तिच्या बाहुल्यांचा रंग आम्हाला आजही आठवतो; म्हणजे दिसले सर्व होते.

म्हणून आम्हाला असे वाटते, की एखाद्या क्षणी काय दिसेल हे आपल्या हाती नसले, तरी डोळ्याला सराव कशाचा दिला हे बहुतांशी आपल्या हाती असते. न दिसण्याचा दोष त्या क्षणाचा नसतो, त्याआधीच्या वर्षांचा असतो. ‘मला दिसले नाही’ हे विधान प्रामाणिक असूनही निर्दोष नसते.

काळ पुष्कळ बदलला. बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून सुरू झाला आणि त्यात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. तेलंगण शासनाच्या २०१८ आणि २०२३ मधील ‘कंटि वेलुगु’ मोहिमांत गावोगावी डोळे तपासले गेले, चष्मे वाटले गेले. तरीही तपासणीच्या टेबलापर्यंत मूल नेणारे कोणीतरी लागतेच. बाहुली पांढरी दिसते, तीन महिन्यांचे झाले तरी मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, डोळा तिरपा जातो, एवढे ओळखण्यास वैद्य असावे लागत नाही. तसे पाहण्याची सवय असावी लागते.

निवृत्तीनंतर ती आम्ही लावून घेतली आहे. लग्नकार्यात, बाजारात, आळीत कोणाच्या कडेवर मूल दिसले की आधी त्याच्या डोळ्यांकडे पाहतो. घरची मंडळी यावरून थट्टा करतात. उशिरा आलेली ही दृष्टी कच्चीच राहणार, हे आम्हाला ठाऊक आहे. ती मुलगी आज पस्तिशी ओलांडून पुढे गेली असेल. तिच्या वाट्याची जी वर्षे अंधारात गेली, ती आमच्या या शिक्षणाची फी होती आणि ती तिने भरली, एवढे विसरता येत नाही.