अंदाजाची नीती

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास हा विषय नीतिविचाराच्या कक्षेत येतो, असे सहसा कोणी मानीत नाही. तो पोटापाण्याचा प्रश्न, फार तर शिक्षणशास्त्राचा, अशीच सर्वसाधारण समजूत असते. परंतु दिल्लीच्या मुखर्जीनगरात काय किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेत काय, अभ्यासिकांतून बसलेले सहस्रावधी तरुण आयुष्यातील उमेदीची वर्षे काळ-काम-वेग, नफा-तोटा आणि शेकडेवारी यांची उदाहरणे सोडविण्यात घालवितात. ज्या क्रियेत इतकी वर्षे जातात ती मनाला काही वळण लावल्यावाचून राहत नाही. आणि मनाच्या वळणाचा प्रश्न आला की नीतीचा प्रश्न आलाच.

प्रथम या परीक्षांचे स्वरूप पाहू. बँकांतील अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी आयबीपीएस ही संस्था जी पूर्वपरीक्षा घेते, तीत गेली काही वर्षे गणिताच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे दिली जातात. एका प्रश्नाच्या वाट्यास जेमतेम ३४ सेकंद येतात. प्रत्येक प्रश्नाखाली पाच पर्याय असतात, आणि उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांचा चतुर्थांश कापला जातो. हा चतुर्थांश कोणी लहरीने ठरविलेला दिसत नाही. काहीएक न कळता खूण करणारा मनुष्य सरासरीने पाच प्रश्नांत एकदा बरोबर व चारदा चूक ठरेल. म्हणजे एका प्रश्नाचे गुण मिळवील आणि चार चतुर्थांश, अर्थात तितकेच, गमावील. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत पर्याय चार आणि कपात एक-तृतीयांश. तेथेही हिशेब शून्यावरच येऊन थांबतो. निव्वळ आंधळ्या अंदाजाला कोठेच मोल नाही. परंतु पाचांपैकी तीन पर्याय अशक्य म्हणून दूर सारता आले, तर उरलेल्या दोहोंमधील अंदाज दर आठ प्रश्नांमागे सरासरीने तीन प्रश्नांचे गुण पदरात टाकतो. अर्धवट ज्ञानालाही येथे भाव आहे.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, जे आपणास नक्की ठाऊक नाही त्यावर खूण करून गुण घेणे हे प्रामाणिकपणाचे आहे काय? एखादा कठोर नीतिवादी म्हणेल, की जे जाणतो तेवढेच सांगावे. बाकी जागा कोरी सोडावी. आम्हांस हे मत पटत नाही. असत्याला कोणीतरी फसविला जाणारा लागतो. येथे परीक्षकाने अंदाजाचा भाव आधीच जाहीर केलेला आहे. 'तुला हे ठाऊक आहे काय?' असे तो विचारीतच नाही, 'उत्तर कोणते?' एवढेच विचारतो. विचारलेल्या प्रश्नाचे जाहीर नियमांनुसार उत्तर देण्यात लबाडी कसली?

शिवाय मानून चालणे हे गणिताला परके नाही. इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी इष्टकर्म नावाची रीत दिली आहे. कोणतीही सोयीची संख्या गृहीत धरावी, तिच्यावर उदाहरणात सांगितलेल्या क्रिया कराव्यात, आणि जे फळ येईल त्याच्या प्रमाणावरून खरी संख्या काढावी. आजच्या क्लासांतून ज्या क्लृप्त्या शिकवितात त्यांतील कित्येक या रीतीच्याच वंशातल्या आहेत. एक गडी १२ दिवसांत व दुसरा १५ दिवसांत जे काम करतो, ते दोघे मिळून किती दिवसांत करतील? काम ६० भागांचे आहे असे मानावे. पहिला रोज ५ भाग करतो, दुसरा ४. ६० ला ९ ने भागले की ६ पूर्णांक दोन-तृतीयांश दिवस हे उत्तर येते. हे ६० भाग कोणी पाहिलेले नाहीत. परंतु ते आपण मानले आहेत, हे सोडविणाऱ्याला पुरते ठाऊक असते. मानणे आणि जाणणे यांतील रेषा तो पुसू देत नाही, म्हणून त्याचे उत्तर खरे येते.

ही रेषा पुसली जाते ती परीक्षेच्या दालनात नव्हे, सरावाच्या वहीत. परीक्षेत दुसरा आपणास प्रश्न विचारीत असतो. सरावात आपणच आपणास विचारीत असतो, आणि तेथे प्रश्न निराळा असतो: 'हे मला येते काय?' समजा, ३५ पैकी २४ उत्तरे बरोबर आली, आणि त्यांतील ९ अंदाजाने साधली. वहीवर २४ लिहून जो समाधानाने पान उलटतो, त्याने कोणताही नियम मोडलेला नाही. तरीही त्या पानावर एक असत्य लिहिले गेले आहे, आणि ज्याला फसवावयाचे तो मनुष्य लिहिणाऱ्याच्याच जागी बसलेला आहे. त्या ९ उदाहरणांवर बारीकशी खूण करून ती पुन्हा मुळापासून सोडविणे, याला कोणी गुण देत नाही. आमच्या मते या साऱ्या अभ्यासातील नैतिक भाग म्हणावा तो एवढाच.

यावर कोणी म्हणेल, की लाखो उमेदवार आणि मोजक्या जागा असता चाळण लावावीच लागते. चाळणीतून जो खाली उतरला तो उतरला, त्याच्या वहीशी कोणाला काय कर्तव्य? चाळणीची गरज आम्ही नाकारीत नाही. परंतु निवड झाल्यावर या तरुणाला जेथे बसावयाचे आहे त्या जागेचा विचार करावा. समजा, समोर कर्ज घ्यावयास आलेला शेतकरी आहे. १०,००० रुपयांवर द. सा. द. शे. १२ दराने ३ वर्षांचे सरळव्याज ३,६०० रुपये होते; वार्षिक चक्रवाढीने तेच ४,०४९ रुपये २८ पैसे होते. अभ्यासिकेत हा फरक म्हणजे पाचांपैकी एक पर्याय होता. येथे तो त्या शेतकऱ्याच्या खिशातील ४४९ रुपये २८ पैसे आहे.

त्या टेबलावर पर्याय छापलेले नसतात, आणि चुकीची कपातही चुकणाऱ्याच्या खात्यातून होत नाही. परीक्षेत अंदाजाचे मोल अंदाज करणारा भरीत होता. येथे ते दुसरा भरतो, आणि बहुधा असा दुसरा, ज्याला स्वतः हिशेब पडताळता येत नाही. यंत्र आकडेमोड करून देईल हे खरे. परंतु कोणते व्याज, कोणत्या दिवसापासून, हे यंत्राला मनुष्यच सांगतो. आपणास हे खरोखर ठाऊक आहे की नुसते वाटते आहे, हा प्रश्न त्या क्षणी त्याला सुचेल काय? ज्याने चार वर्षे वहीत अंदाज आणि ज्ञान एकाच रकान्यात मांडले, त्याला तो सुचण्याचे कारण नाही. ज्याने दोन रकाने ठेवले, तो निदान क्षणभर थांबेल, परिपत्रक काढून पाहील, किंवा शेजारच्या जुन्या सहकाऱ्यास विचारील. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या मनुष्याचा त्या थांबण्यावर हक्क आहे.